मंडई आणि तिचा विरोधक : म्युनिसिपालिटीतील जोतीराव फुले

पुण्यात चार दिवस राहिलेल्या माणसालाही मंडई सांगावी लागत नाही. तो अष्टकोनी मनोरा, त्याच्या भोवतीच्या लांबच लांब पडव्या, आत ओळीने मांडलेले गाळे आणि बाहेर रस्त्यापर्यंत पसरलेल्या पाट्या व टोपल्या हे सारे या शहराच्या चेहऱ्याचाच एक भाग होऊन बसले आहे. ही इमारत १८८६ साली उघडली, तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणत. आज तिला महात्मा फुले यांचे नाव आहे, आणि भाजी घेऊन पिशवी खांद्याला लावणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटते की, ज्याअर्थी मंडईला जोतीरावांचे नाव आहे, त्याअर्थी ती त्यांनीच बांधवून घेतली असावी. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. जोतीराव फुले पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते, आणि सभासद या नात्याने त्यांनी या मंडईच्या बांधकामाला विरोध केला होता.

या विसंगतीवर हसून पुढे जाता येईल. पण आम्हांस वाटते की, तिथे थोडे थांबावे. जोतीरावांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला, ‘गुलामगिरी’ लिहिले, या गोष्टी शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. परंतु १८७६ पासून पुढे सहा-सात वर्षे हा मनुष्य पुण्याच्या नगरसभेत बसत होता, ठरावांवर मत देत होता, पत्रे लिहीत होता, ही गोष्ट चरित्रांच्या एखाद्या प्रकरणात कोपऱ्याला पडून राहते. शहराचा प्रतिनिधी शहरातील रहिवाशांची बाजू कशी मांडतो, आणि त्याच्या कामाचा हिशेब कोणत्या मापाने करावयाचा, हा प्रश्न आपण दर निवडणुकीत एकमेकांना विचारतो. त्याचे उत्तर शोधताना या कोपऱ्यातल्या प्रकरणाचा उपयोग होईल, अशी आमची समजूत आहे.

प्रथम ती सभा कशी होती ते पाहिले पाहिजे. पुण्यास म्युनिसिपालिटी मिळाली १८५७ साली. पण तिच्यात बसणारे लोक आजच्यासारखे मतपेटीतून येत नसत. सरकार त्यांना नेमी. सरकारी अंमलदार, सरदार, सावकार, वकील, व्यापारी अशा वजनदार मंडळींतून ही निवड होई. लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला तो १८८२ च्या मे महिन्यात. लोकनियुक्त सभासदांचे वारे त्यानंतर वाहू लागले. तेव्हा जोतीरावांचा बहुतेक सारा काळ सरकारनियुक्त सभेत गेला. ते स्वतःही सरकारनेच नेमलेले होते. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण त्यांना एखाद्या पेठेने गुलाल उधळून निवडून दिले होते, असे चित्र कोणी मनाशी रंगवू नये.

मग अशा सभेत त्यांना घेतले कशाला? ते काही निर्धन फकीर नव्हते. बांधकामांना लागणारा माल पुरविण्याची ठेकेदारी ते करीत. मांजरीस त्यांची शेती होती. सरकारदरबारी त्यांच्या शिक्षणकार्याचा गौरव १८५२ सालीच विश्रामबागवाड्यात झालेला होता. अशा प्रतिष्ठित गृहस्थाला सभेत जागा मिळणे त्या काळच्या रीतीला धरूनच होते. मात्र सभेतील इतर पुष्कळांपेक्षा त्यांचे एक वेगळेपण होते, आणि ते त्यांच्या राहत्या घरापासून सुरू होई. त्यांचे घर गंज पेठेत. शहराच्या पूर्वेकडच्या या पेठांत कष्टकऱ्यांची वस्ती. माळी, कारागीर, हमाल, मजूर हे त्यांचे शेजारी. या घराच्या आवारातला पाण्याचा हौद त्यांनी १८६८ साली अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी मोकळा केला. त्यांचे आडनाव पडले तेच मुळी वडीलधाऱ्यांच्या फुलांच्या धंद्यावरून. भाजीपाला आणि फुले पिकवायची, टोपलीत भरायची आणि शहरात आणून विकायची, हा धंदा त्यांना पुस्तकातून कळलेला नव्हता. बाजाराचा प्रश्न सभेपुढे आला, तेव्हा टेबलाभोवती बसलेल्यांत टोपलीचे वजन ठाऊक असलेला असा माणूस विरळाच असेल.

त्यांच्या सभासदत्वाच्या आरंभालाच दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. १८७६ ते १८७८ या काळात गावेच्या गावे रिकामी झाली आणि उपाशी माणसे पोराबाळांसह पुण्याच्या वाटेला लागली. सत्यशोधक समाजाने धनकवडीस बालाश्रम उघडला आणि तेथे उपाशी मुलांना रोज भाकरी मिळू लागली. हे काम म्युनिसिपालिटीचे नव्हते; पण ज्याने सकाळी धनकवडीच्या मुलांच्या ताटाची चिंता केली, तोच मनुष्य पुढे सभेत खर्चाच्या ठरावावर मत द्यावयास बसत होता, हे लक्षात ठेविले पाहिजे. त्यावाचून पुढचा प्रसंग नीट उमगत नाही.

तो प्रसंग असा. व्हाइसरॉयची स्वारी पुण्यास येणार होती. चरित्रांत हा प्रसंग लॉर्ड लिटन यांच्या नावाने सांगितला जातो. मोठा पाहुणा यावयाचा म्हणजे कमानी, पताका, दिवे, रोषणाई आलीच. म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांनी त्यासाठी एक हजार रुपये खर्चावे अशी सूचना मांडली. सभेत ३२ सभासद. सरकारने नेमलेली मंडळी, आणि पाहुणा तर सरकारचाही सरकार! ठराव मंजूर होणार, यात कोणालाच शंका नव्हती. जोतीरावांनी सांगितले की, ही रक्कम शहरातील गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावी, ती अधिक सार्थकी लागेल. मते घेतली गेली. विरुद्ध मत पडले एकच, आणि ते जोतीरावांचे.

एक हजार रुपये म्हणजे आजच्या कानाला काहीच वाटत नाहीत. म्हणून त्या वेळच्या मापाने ते मोजून पाहू. १८८२ च्या ऑक्टोबरात जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकाला महिना निदान बारा रुपये पगार असावा असे सुचविले आहे. महिना बारा, म्हणजे वर्षाचे एकशे चव्वेचाळीस. या हिशेबाने एक हजार रुपयांत जवळजवळ सात शिक्षकांचा वर्षाचा पगार निघतो. चार दिवसांच्या कमानी एका बाजूला आणि सात शाळांचे एक वर्ष दुसऱ्या बाजूला, असा तो तराजू होता. शिवाय हा पैसा कोठून येत असे? शहराचे मोठे उत्पन्न जकातीचे. नाक्यावर धान्य, तूप, जळण यांवर जी पट्टी बसे, ती शेवटी भाकरीच्या किमतीत उतरे. म्हणजे गंज पेठेतला हमालही कर देत होता. फक्त त्याला पावती मिळत नव्हती. ज्याच्या घासातून पैसा काढावयाचा, त्याच्या मुलाला त्यातून काय मिळते, हा प्रश्न त्या ठरावाच्या मुळाशी होता. एकतीस मते पडली ती पताकांना. एक पडले ते या प्रश्नाला.

दुसरे प्रकरण दारूच्या दुकानांचे. १८८० च्या सुमारास पुण्यात गुत्ते वाढू लागले. जोतीरावांनी त्याच वर्षी जुलैत म्युनिसिपालिटीच्या व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांस पत्र लिहून ही गोष्ट त्यांच्या नजरेस आणली. त्यांच्या युक्तिवादाची धाटणी पाहण्यासारखी आहे. दारू पाप आहे, शास्त्राविरुद्ध आहे, असे व्याख्यान त्यांनी दिले नाही. त्यांनी म्युनिसिपालिटीला तिचेच काम दाखविले. शहराचे आरोग्य राखण्यासाठी तुम्ही निरीक्षक नेमता, झाडलोट करविता, त्यावर लोकांचा पैसा खर्च करिता. आणि दुसरीकडे लोकांच्या आरोग्याचा व संसाराचा सत्यानाश करणारी दुकाने पेठापेठांतून उघडतात, तिकडे डोळेझाक करिता, हे कसे? या दुकानांवर कर बसवावा, असेही त्यांनी सुचविले. गटारात माती साचली तर ती आरोग्याची बाब, आणि गुत्त्यात मजुरी आटली तर ती मात्र खाजगी बाब, हा भेद त्यांना मान्य नव्हता.

येथे अडचण कोणती होती हेही सांगितले पाहिजे, नाहीतर म्युनिसिपालिटीवर आपण अन्याय करू. अबकारीचे उत्पन्न हे सरकारच्या तिजोरीचे उत्पन्न. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ साली झालेला होता, आणि दारूपासून मिळणाऱ्या पैशावर सरकारची बारीक नजर होती. परवाना देणार सरकार, पैसा घेणार सरकार, आणि त्याचे परिणाम झेलणार शहर. नगरसभेच्या हाती फारसे काही नव्हते. तरीही सभासदाने निदान विचारले तरी पाहिजे, हे जोतीरावांनी दाखविले. आपल्या अधिकाराच्या कक्षेत नाही एवढे म्हणून कागद बाजूला सारणारा सभासद आणि कक्षेत नसले तरी माझ्या पेठेतल्या माणसाला ते भोगावे लागते म्हणून कागद वर ढकलणारा सभासद, यांत जो फरक आहे, तो रहिवाशांना आपोआप कळतो. पुढे १९०८ साली याच पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने दारूच्या दुकानांवर निरोधन झाले, तेव्हा हा विषय शहराच्या चव्हाट्यावर आला. जोतीरावांच्या पत्राला तोवर अठ्ठावीस वर्षे होऊन गेली होती.

आता मंडई. त्या काळी भाजीबाजार भरे तो शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत. उन्हाळ्यात डोक्यावर ऊन, पावसाळ्यात पायाखाली चिखल, आणि कुजलेल्या पाल्यावर माश्यांचे मोहोळ. बाजाराला छप्पर असावे, फरशी असावी, पाण्याचा निचरा असावा, हे म्हणणाऱ्यांची बाजू खोटी नव्हती. पटकीच्या साथी येत होत्या. बाजाराची स्वच्छता ही चैन नव्हती. तेव्हा नव्या मंडईचा पुरस्कार करणारे सभासद लोकांचे वैरी होते, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनीही शहराचेच हित पाहिले होते.

जोतीरावांचा आक्षेप इमारतीपेक्षा क्रमाला होता. एवढी मोठी रक्कम दगडी मनोऱ्यात घालण्यापूर्वी ती गरिबांच्या शिक्षणाला लावावी, हे त्यांचे जुनेच म्हणणे त्यांनी पुन्हा मांडले. शहरात एवढी मुले निरक्षर, शाळांना पैसा नाही, खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांना शाळेच्या ओसरीवरही जागा नाही. आणि आपण बांधतो काय, तर पाहणाऱ्याने मान वर करून पाहावी असे मार्केट! शिवाय बाजार छपराखाली गेला की गाळा आला, आणि गाळा आला की भाडे आले. मोकळ्या मैदानात टोपली मांडून बसणारी बाई, जिचे सगळे भांडवल त्या टोपलीत, तिच्यासाठी हा फरक लहान नव्हता. जोतीरावांचे कोणी ऐकले नाही. मंडई उठली, १८८६ साली उघडली, आणि तोवर ते सभेतून बाहेर पडलेलेही होते.

तेव्हा हिशेब मांडू. स्वागताचा ठराव : हरले. गुत्त्यांचे प्रकरण : हाती फारसे काही लागले नाही. मंडईचा विरोध : हरले. सहा-सात वर्षांच्या सभासदत्वातील ही तीन ठळक प्रकरणे, आणि तिन्हीत यश नाही. आजच्या एखाद्या प्रतिनिधीने आपल्या कामाचा अहवाल छापावयाचा ठरविला, तर त्यात नळ किती टाकले, दिवे किती लावले, रस्ते किती केले याच्या याद्या असतात. अशा अहवालाच्या मापाने जोतीरावांच्या वहीत जमेला काय धरावयाचे? त्यांच्या नावाची एक कोनशिलाही त्या काळातली नाही.

आणि टीकाकाराला आणखीही बोलता येईल. तो म्हणेल, एकट्याने विरुद्ध मत देणे सोपे असते. बहुमत जुळविणे कठीण. जोतीरावांनी बहुमत जुळविले नाही. तो म्हणेल, मंडईच्या बाबतीत काळाने त्यांना खोटे पाडले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ती इमारत पुण्याला भाजी पुरवीत आली आहे. हे दोन्ही आक्षेप आम्ही खुशाल मान्य करतो. मंडई उपयोगी ठरली, यात वाद नाही. तिच्या दगडाबद्दल जोतीरावांचा अंदाज चुकला असे कोणी म्हटले, तर आम्ही भांडणार नाही.

परंतु दगडाबद्दल चुकलेला माणूस प्रश्नाबद्दल चुकला होता काय? तो प्रश्न होता : पैसा कोणाचा, आणि तो आधी कोणासाठी? हा प्रश्न सभेतून हरून बाहेर पडला. पण तो मेला नाही. सभेत जे मत एकटे पडले होते, तेच जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडले. शेतकऱ्यांच्या आणि कष्टकऱ्यांच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जातो आणि ज्यांच्याकडून तो वसूल होतो त्यांची मुले अडाणी राहतात, हे त्यांनी तेथे स्पष्ट सांगितले. बाराव्या वर्षापर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणीही त्या निवेदनात आहे. कमिशनने तीही मान्य केली नाही. चौथा पराभव!

मग पुढे काय झाले? १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. गोखले हेही पुणे म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष राहिलेले होते. नगरसभेच्या जमाखर्चात शाळेचा रकाना किती अरुंद असतो ते त्यांनी जवळून पाहिले होते. ते बिल १९१२ साली नामंजूर झाले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला, आणि आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा मार्ग म्युनिसिपालिट्यांना मोकळा झाला. स्वतंत्र भारतात २००२ साली घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि त्याप्रमाणे २००९ साली कायदा झाला. पताकांऐवजी शाळा मागणारे ते एक मत पडल्याला तोवर शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. एवढ्या सगळ्याचे श्रेय एकट्या जोतीरावांना द्यावे, असे आमचे म्हणणे नाही; अनेकांनी त्यासाठी रक्त आटविले आहे. आमचे म्हणणे एवढेच की, नगरसभेच्या इतिवृत्तात ‘विरुद्ध १’ अशी जी नोंद पडते, ती नेहमी केवळ पराभवाची नोंद नसते. पुष्कळदा ती पुढच्या पिढीसाठी राखून ठेवलेली तारीख असते.

जोतीरावांच्या बाबतीत शहराने ही थकबाकी कशी फेडली, ती कथाही सरळ नाही. १८९० च्या नोव्हेंबरात ते वारले. १९२५ साली त्यांचा पुतळा उभारावा असा ठराव पुणे म्युनिसिपालिटीपुढे आला, तेव्हा शहरात मोठा वाद पेटला, आणि तो पुतळा त्या वेळी उभा राहू शकला नाही. ज्या सभेत ते एकटे पडले होते, त्याच सभेत मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनीही ते एकटेच पडले, असे म्हटले तरी चालेल. पुढे १९३८ साली आचार्य अत्रे पुणे म्युनिसिपालिटीत निवडून आले, स्थायी समितीचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे ‘महात्मा फुले मार्केट’ झाले. एका गव्हर्नराचे नाव उतरले आणि ज्या सभासदाने त्या इमारतीला हात वर करून विरोध केला होता, त्याचे नाव तिच्यावर चढले. इतिहासाच्या थट्टेचा याहून चांगला नमुना आम्हांस ठाऊक नाही. आणि तरीही ती थट्टा म्हणजे अन्याय आहे, असे आम्हांस वाटत नाही.

असे का वाटत नाही, ते सांगून हे विवेचन संपवितो. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली, म्हणजे जोतीराव सभासद झाले त्याच्या आदल्या वर्षी. तेव्हापासून या शहराला वसंत ऋतूत बसून ऐकण्याची सवय लागली आहे. ऐकून घरी जाताना मंडईवरून वाट असेल, तर श्रोत्यांनी क्षणभर मनोऱ्याकडे न पाहता खाली पाहावे. आत गाळ्यांवर विजेचे दिवे आहेत, जवळच भुयारी मेट्रोचे स्थानक झाले आहे. पण बाहेर, पडवीच्या आणि रस्त्याच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, एखादी बाई चार जुड्या मेथी आणि कोथिंबीर पुढ्यात घेऊन बसलेली दिसेल. तिला आतला गाळा परवडत नाही. अतिक्रमणाची गाडी आली की ती पाटी उचलते, गेली की पुन्हा मांडते.

तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर जोतीरावांचे नाव आहे. नगरसभेत आजही अर्थसंकल्प मांडला जातो. त्यात सुशोभनाच्या रकमा असतात, स्वागताच्या कमानी असतात, शाळांचाही रकाना असतो. त्या बैठकीत आपल्या पेठेचा जो कोणी माणूस बसला असेल, त्याला आपण नळ आणि रस्ते जरूर विचारावे. पण त्याबरोबर हेही विचारावे की, पाटी घेऊन बसलेल्या त्या बाईच्या वतीने तू कधी एकटा पडला आहेस काय? पडला असेल, तर त्याचा ठराव नामंजूर झाला तरी त्याच्या सभासदत्वाची वर्षे वाया गेली, असे आम्ही म्हणणार नाही.